राजकीय विनोद कसा बांधायचा आणि जुना विनोद नव्यानं कसा उभा करायचा: नागपूरच्या नवख्या लिहिणाऱ्यांसाठी

राजकीय विनोद लिहायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा नेत्यापासून सुरुवात करतो. नेत्याचं पोट, नेत्याची बोलायची लकब, नेत्यानं बदललेले पक्ष. दोन मित्र हसतात. तिसरा म्हणतो, हा तर मी दुसऱ्याच्या नावानं ऐकलाय. तो खरंच बोलत असतो, कारण त्या विनोदात नावाशिवाय काहीच नव्हतं.

चांगला राजकीय विनोद नेत्यावर उभा नसतो. ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेली, पण कुणी सरळ न बोललेली एक गोष्ट असते, तिच्यावर तो उभा असतो. या लेखापुरतं तिला ‘आतली गोष्ट’ म्हणू. विनोद बांधताना ती शोधायची. दुसऱ्याचा विनोद आपल्या गावात आणताना ती आपल्याकडे आहे का ते तपासायचं. खाली जे सांगतो आहे, ते सगळं याच एका कामासाठी आहे.

आधी बडगे बघा

नागपूरकराला व्यंग शिकायला दूर जावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागातून मारबती, म्हणजे मिरवून जाळायचे मोठे पुतळे, निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची मानली जाते. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बांकाबाई भोसल्यांशी लावतात. म्हणजे राजघराण्यातल्या व्यक्तीवरचा राग रस्त्यावर, वाजतगाजत काढायची रीत या गावात जुनी आहे. मारबतींबरोबर बडगे, म्हणजे चालू विषयांवरचे पुतळे, निघतात. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी गाजलेला एखादा घोटाळा, असे त्यांचे विषय. लोक ओरडतात, ‘घेऊन जा गे मारबत’, आणि शेवटी सगळं जाळलं जातं.

पुढच्या वेळी गर्दीत नुसते फोटो काढू नका. लोक कुठल्या बडग्यापाशी थांबतात आणि कुठला बडगा नुसता पुढे सरकतो, ते बघा. थांबतात तिथे विषय एकच असतो, पाटीवर चार-सहा शब्द असतात, आणि दहाव्या रांगेतल्या माणसालाही तो कुणाचा, कशाचा ते कळतं. एकाच बडग्यावर महागाई, बेरोजगारी आणि पेपरफुटी तिन्ही लिहिलं की माणूस वाचत बसतो, तोवर बडगा निघून जातो. विनोदाचंही असंच होतं. एका विनोदात एकच राग मावतो. दुसरा राग असेल तर दुसरा विनोद लिहा.

तक्रारीपासून विनोदापर्यंत

उदाहरण विधिमंडळाच्या अधिवेशनाचं घेऊ. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भ महाराष्ट्रात येण्याची वाट मोकळी झाली, आणि वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. म्हणून डिसेंबरात सरकार इथे येतं. ते तोंडावर आलं की रवी भवन, नाग भवन, आमदार निवास या भागांत रंगरंगोटी सुरू होते आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात. हे नागपुरात लहान पोरालाही माहीत आहे.

पहिला मसुदा सहसा असा येतो: ‘नेते डिसेंबरातच दिसतात, रस्ते डिसेंबरातच होतात.’ ही तक्रार झाली. खरी आहे, पण ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो.

दुसरा मसुदा: ‘अधिवेशनाचं एक दिवसाचं कामकाज आमच्या गल्लीत घ्या.’ यात मागणीचं रूप आलं, हसूही येतं. पण आतली गोष्ट अजून पुरती बाहेर आलेली नाही. ती काय आहे? रस्ता माणसांच्या गरजेनं होत नाही, मोठा माणूस तिथून जाणार या खबरीनं होतो. मग विनोद तिथपर्यंत न्यायचा.

तिसरा मसुदा, निवेदनाच्या रूपात: ‘आमच्या गल्लीच्या रस्त्याची मागणी आम्ही मागे घेत आहोत. त्याऐवजी मंत्रिमहोदय सोमवारी या गल्लीतून जाणार असल्याचं एक पत्र काढावं, ही विनंती. मंत्रिमहोदय नाही आले तरी चालेल.’

शेवटचं वाक्य काढून वाचा. विनोद अर्धा होतो. ‘नाही आले तरी चालेल’ या शब्दांतच सगळा हिशेब उघडा पडतो. मसुदा हातात आला की स्वतःला विचारा: लोकांना जे माहीत आहे पण कुणी बोलत नाही, ते माझ्या शेवटच्या वाक्यात आलं का? नसेल आलं तर अजून एक पायरी खाली उतरा. बहुतेक नवखे दुसऱ्या मसुद्यावर थांबतात, कारण तिथे मित्र हसलेले असतात.

सरकारी भाषा उसनी घ्या

मराठी माणसाकडे व्यंगासाठी एक अस्सल खाण आहे, आणि ती वापरणारे फार थोडे आहेत: सरकारी मराठी. विधिमंडळातले तारांकित प्रश्न वाचा. प्रश्न ठरल्या साच्यात येतो. ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरही ठरलेलं: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

हा साचा घेऊन नवखा लिहितो:

बाप: तू नापास झालास हे खरे आहे काय?
पोरगा: हे अंशतः खरे आहे.
बाप: असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
पोरगा: प्रश्न उद्भवत नाही.

हसू येतं, पण हसतो कुणाला? पोराला. सरकार सहीसलामत सुटलं. साचा तोच ठेवा आणि माणसं बदला:

घरटॅक्सवाला: आपण तीन वर्षं टॅक्स भरला नाही, हे खरे आहे काय?
घरमालक: हे अंशतः खरे आहे.
घरटॅक्सवाला: असल्यास, केव्हा भरणार?
घरमालक: बाब विचाराधीन आहे.
घरटॅक्सवाला: मग जप्ती आणू काय?
घरमालक: प्रश्न उद्भवत नाही.

आता आतली गोष्ट समोर आली: अशी उत्तरं द्यायची सोय फक्त एकाच बाजूला आहे. सामान्य माणूस तीच भाषा बोलायला लागला की तिचा पोकळपणा ऐकू येतो. साचा कुणाच्या तोंडी देता, यावर सगळं अवलंबून असतं. कनिष्ठाच्या तोंडी वरिष्ठाची भाषा द्या, बहुधा काम होतं.

उसन्या साच्याची ताकद आणीबाणीत दिसली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. २८ जूनला टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत, निधनाच्या छोट्या जाहिरातींत, डी. ई. एम. ओक्रसी नावाच्या एका गृहस्थांच्या मृत्यूची बातमी छापून आली. ते टी. रूथ यांचे पती होते, एल. आय. बर्टी यांचे वडील, आणि निधनाची तारीख २६ जून. लोकशाही, सत्य, स्वातंत्र्य अशी सगळी मंडळी निधनवार्तेच्या चौकटीत बसली. राजकीय लेख तपासायला माणूस बसवलेला होता, पण निधनाची जाहिरात पाहून तिच्यात राजकारण कोण शोधणार? साच्यामुळे ती निसटली, आणि साच्यामुळेच ती वाचणाऱ्याला भिडली, कारण त्या दिवशी अनेकांना खरोखरच कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

सरावासाठी पाच साचे घ्या: शासन निर्णय, निविदा सूचना, निधनवार्ता, लग्नपत्रिका, हरवल्याची जाहिरात. एकच विषय पाचही साच्यांत लिहून बघा. चार पडतील. पाचवा का टिकला, हे समजून घेणं हाच अभ्यास.

दुसऱ्या देशाचा विनोद आपल्या शेतात

आता अवघड आणि माझ्या आवडीचं काम. तुटवड्याच्या काळात सोव्हिएत संघात सांगितला जाणारा एक विनोद जगभर फिरला. अमेरिकेचे अध्यक्ष रेगनही तो भाषणात सांगत. एक माणूस मोटारीचे पैसे भरतो. कारकून सांगतो, दहा वर्षांनी अमुक दिवशी गाडी न्या. माणूस विचारतो, सकाळी की दुपारी? कारकून म्हणतो, दहा वर्षांनंतर काय फरक पडतो? माणूस म्हणतो, त्या दिवशी सकाळी नळ दुरुस्त करणारा येणार आहे.

हा जसाच्या तसा नागपुरात आणला तर पडतो. इथे पैसे असले की गाडी चटकन मिळते, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच तेच येतं. नुसती नावं बदलून, मॉस्कोच्या जागी सीताबर्डी लिहून काही होत नाही. म्हणून विनोद खोलायचा. आत काय आहे? पहिलं, पैसे आधी भरायचे आणि वस्तू कधीतरी मिळायची. दुसरं, असं एकाच वस्तूचं नाही, सगळ्यांचंच आहे. तिसरं, आणि हेच मर्म: माणसाला या वाट बघण्याची इतकी सवय झाली आहे की तो दहा वर्षांनंतरच्या दिवसाचंही वेळापत्रक जुळवतो. तो चिडलेला नाही. त्याचं न चिडणंच ऐकणाऱ्याला चिडवतं.

आता विदर्भात अशी वाट कोण बघतं? शेतकरी. कृषिपंपाच्या वीजजोडणीचे पैसे भरून यादीत नाव लागलेलं, त्याला सगळे ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. आणि दुसरी वाट कालव्याची. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, नंतर तो हजारो कोटींवर गेला. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. कोनशिला बसली तेव्हा जन्मलेली पोरं आज पोरांचे बाप आहेत, आणि कालव्याचं पाणी टोकाच्या शेतापर्यंत कधी येणार हा प्रश्न तसाच आहे. दोन वाटा सापडल्या, विनोद उभा राहिला:

शेतकऱ्यानं पंपाच्या कनेक्शनचे पैसे भरले. साहेब म्हणाले, ‘वीस वर्षांनी, १५ जूनला लाईन जोडून मिळेल.’
‘सकाळी का संध्याकाळी, साहेब?’
‘वीस वर्षांनंतर सकाळ काय अन् संध्याकाळ काय?’
‘तसं नाही जी, सकाळी कालव्याचं पानी येनार हाय.’

कालवा शेवटी का ठेवला? पंप शेवटी ठेवून बघा, जोर कमी होतो. कालव्याची वाट जास्त जुनी आहे, भंडाऱ्याच्या माणसाच्या कानावर ती लहानपणापासून पडते. जी गोष्ट लोकांना जास्त सलते ती शेवटी. हा क्रम बहुतेक विनोदांना लागू पडतो.

उसना विनोद आणताना दरवेळी असंच करा. आधी तो मोडा, आतली गोष्ट एका साध्या वाक्यात लिहा, मग तेच वाक्य आपल्या भागात कुठे खरं आहे ते शोधा. सापडलं नाही तर तो विनोद सोडून द्या, कितीही आवडला तरी. आणि मूळ विनोद कुठला ते विचारणाऱ्याला सांगा. त्यात कमीपणा नाही.

शिक्षाच कबुली देते

सोव्हिएत काळातला आणखी एक नमुना शिकण्यासारखा आहे. एक माणूस चौकात ओरडतो, ‘ख्रुश्चेव मूर्ख आहे!’ त्याला शिक्षा होते: थोडी वर्षं अपमानाबद्दल, आणि बरीच जास्त वर्षं सरकारी गुपित फोडल्याबद्दल. इथे विनोद करणारा काही सिद्ध करत नाही. शासनच शिक्षा देताना कबुली देऊन बसतं.

या नमुन्यावर रस्त्याचा एक विनोद बांधला. पहिलं रूप असं होतं: ‘दुकानासमोरच्या खड्ड्यात दुकानदारानं झाड लावलं म्हणून खात्यानं त्याला नोटीस पाठवली, कारण खड्डा बुजवू नये असं खात्याला वाटतं.’ यात स्पष्टीकरण शेवटी आलं आणि जीव गेला. आता हे वाचा:

दुकानासमोरच्या खड्ड्यात दुकानदारानं झाड लावलं. तीन वर्षं तिकडे न फिरकलेल्या खात्याची दुसऱ्याच दिवशी नोटीस आली: ‘खड्ड्याच्या मूळ स्वरूपात विनापरवानगी बदल केल्याबद्दल खुलासा सादर करावा.’

‘मूळ स्वरूपात’ हे दोन शब्द खात्याच्या तोंडून आले, म्हणून ते कबुली ठरतात. लेखकानं सांगितले असते तर ती टीका झाली असती. ‘कारण’, ‘म्हणजे’, ‘खरं तर’ हे शब्द तुमच्या विनोदाच्या शेवटाजवळ दिसले तर खोडा. तिथे बहुधा ऐकणाऱ्याचं काम तुम्ही करत असता.

नाव बदलून बघायची परीक्षा

मसुदा पुरा झाला की त्यातल्या नेत्याच्या जागी विरोधी पक्षाचा नेता घाला. काहीच बिघडलं नाही, तर विनोद सैल आहे. तो ‘सगळे नेते सारखेच’ एवढंच म्हणतो, आणि ते ऐकून कुणाचं काही जात नाही. बिघडला, तर तो नेमका आहे. अशी नेमकी गोष्ट शोधायला बातम्या वाचाव्या लागतात, आश्वासनाची तारीख, खर्चाचा आकडा, दिलेलं उत्तर लिहून ठेवावं लागतं. त्याला पर्याय नाही.

दुसरी परीक्षा उलटी: तोच दोष तुमच्या आवडत्या पक्षात दिसला तर तुम्ही हाच विनोद सांगाल का? नसेल सांगणार, तर तो प्रचार आहे. प्रचारात काही वाईट नाही, पण त्याला व्यंग म्हणून लोकांपुढे ठेवू नका. लोक ओळखतात, आणि पुढचा खरा विनोदही ऐकत नाहीत. १९४८ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांच्या साप्ताहिकाच्या उद्घाटनाला नेहरू म्हणाले होते, मलाही सोडू नका. शंकर यांनी सोडलंही नाही. ज्याच्याबद्दल आदर आहे त्याच्यावर लिहिता आलं, की हात तयार झाला म्हणायचं.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीचा मान

याबाबतीत माझं मत ठाम आहे. मुंबई-पुण्याच्या कार्यक्रमांत ‘काऊन बे’, ‘कायले’, ‘करून राहिला’ हे शब्द आले की पात्र भोळं किंवा अडाणी आहे असं समजायची सवय पडली आहे. आपल्याकडची पोरंही तेच उचलतात. तसं करू नका. आपल्या बोलीत बोलणाऱ्याला शेवटचा शब्द द्या, बावळटपणा देऊ नका. वरच्या विनोदात साहेब प्रमाण मराठी बोलतो आणि शेतकरी त्याला गप्प करतो, ते मुद्दाम आहे. विदर्भातल्या खडी गंमत, झाडीपट्टीची दंडार या लोककलांत गावातल्या माणसानं सावकार-पाटलाला शब्दानं धरलेलं जुन्या लोकांनी पाहिलंय. ती चाल आपली आहे.

बोली जेवढी बोलता तेवढीच लिहा. प्रत्येक शब्दाला बोलीचा रंग दिला की वाचणारा अडखळतो. एका वाक्यात दोन जागा पुरतात.

टोला कुणाला लागतो

जात, शरीर, बायको, आजार, मरण: यांवरचा विनोद राजकीय होत नाही, त्यात फक्त राजकीय माणूस असतो. नेत्याच्या रंगावर हसलं की त्या रंगाच्या लाखो माणसांना ते लागतं आणि नेत्याला काही होत नाही. दीक्षाभूमीच्या गावात राहून जातीवरून हसणं मला अजिबात मान्य नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायचं असेल तर विनोद कर्जमाफीच्या अर्जावर करा, त्या घरावर नको.

पाठवण्याआधी

आता विनोद व्हॉट्सअॅपवर जातो आणि पाचव्या हातात त्याचा संदर्भ गळून पडतो. मंत्र्याच्या फोटोखाली न बोललेलं वाक्य बातमीच्या साच्यात टाकलं, तर पाचवा माणूस ते खरं मानून भांडायला लागतो. म्हणून विनोदाची खूण विनोदाच्या आतच हवी. खड्ड्याची नोटीस वाचून कुणी ती खरी समजत नाही, कारण ‘खड्ड्याचं मूळ स्वरूप’ कुठल्याच कायद्यात नाही. वर ‘विनोद म्हणून घ्या’ लिहिण्यापेक्षा हे चांगलं. वरची ओळ पहिल्याच फॉरवर्डमध्ये कापली जाते.

कायद्याचं थोडक्यात. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत मानहानी कलम ३५६ खाली, गटागटांत तेढ वाढवणं १९६ खाली आणि धार्मिक भावना दुखावणं २९९ खाली येतं. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान, आणि लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत, हे मानहानीला अपवाद आहेत. म्हणून आकडा आणि तारीख खरी ठेवा, त्याचा कागद जपून ठेवा, आणि एखाद्याचं नाव घेऊन गुन्हा चिकटवू नका. शंका आली तर वकिलाला दाखवा.

ऐकवून बघा, आणि जुनं तपासत राहा

विनोद लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचा. मग तो तर्री पोह्याच्या ठेल्यावर, ऑफिसात, घरी, तीन वेगळ्या माणसांना सांगा. त्यातला एक तरी तुमच्या विरुद्ध पक्षाचा असू द्या. कोण हसलं यापेक्षा कुठे हसलं ते बघा. शेवटाआधीच हसले तर शेवट आधीच फुटला आहे, मधलं एक वाक्य काढा. ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर आतली गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ती सुरुवातीला एका वाक्यात पेरा. तुमच्या विरुद्ध पक्षाचा माणूस हसून मग रागावला, तर हात लावू नका, झाला आहे.

एक वही ठेवा. त्यात विनोद, तो ज्यावर उभा आहे ती बातमी आणि तारीख, एवढं पुरे. दर डिसेंबरात अधिवेशनाआधी आणि दर पोळ्याला ती उघडा. ज्याची बातमी शिळी झाली तो विनोद मोडून आतली गोष्ट वेगळी काढा, ती पुढे लागते. गल्लीचा रस्ता खरंच झाला असेल तर पत्राचा विनोद त्या वर्षी सांगू नका. रस्ता कधी झाला ते वहीत लिहा, आणि पहिल्या पावसानंतर जाऊन बघून या.